चौकटीबाहेरचा पाय

१

दात घासता घासता मी फोन उघडला आणि तोंडातला फेस तोंडातच राहिला. 'लोखंडी पुलाचा व्हिडिओ बनावट. पोरांनी गावाला शेंडी लावली,' अशी ओळ होती, आणि तिच्याखाली आमचाच व्हिडिओ. पण तो आमच्या पानावरचा नव्हता. दूरच्या कुठल्याशा शहराच्या नावाने काढलेलं, कधी न ऐकलेलं पान होतं ते. व्हिडिओवर तारीख होती तीन वर्षांपूर्वीची.

आमच्या गावाच्या मधून कालवा जातो. अलीकडे शाळा, दवाखाना, बाजार, शिलाईचा कारखाना, पलीकडे वस्ती. मध्ये पायी जाणाऱ्यांसाठी लोखंडी पूल. गेल्या वर्षी एका ठेकेदाराने त्याची दुरुस्ती केली, म्हणजे पिवळा रंग फासला. तेव्हापासून पत्रे जास्तच हलायला लागले. त्याविरुद्ध आम्ही चौघांनी मोहीम उघडली होती. मी कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला, शिवाय भांडखोर, म्हणून मला 'वकील' म्हणतात. 'नकाशा' संगणकवाला, त्याने एक नकाशा तयार केला होता, ज्यावर कोणीही आपल्या फोनवरून पुलाची तक्रार टाकू शकत होतं. 'कातर' व्हिडिओ कापतो-जोडतो. 'सिस्टर' नर्सिंग शिकते, आणि चौघांत ती एकटीच पलीकडच्या वस्तीतली.

वर्षभरात नकाशावर तीनेकशे तक्रारी साचल्या. नगरपालिकेने ढुंकूनही पाहिलं नाही. मग सिस्टरने पुलावरून चालता चालता एक व्हिडिओ काढला. पाय पडला की पत्रा टुणकन वर येतोय, बोल्टची भोकं रिकामी, फटीतून खाली कालव्याचं काळं पाणी. तो आम्ही पानावर टाकला आणि आठवड्याभरात सगळ्या गावाने पाहिला. नगरपालिकेला जाहीर सुनावणी लावावीच लागली: पूल बंद करून नीट दुरुस्त करायचा की नाही. सुनावणी दुसऱ्या दिवशी दुपारी होती.

आणि आता हे. ठेकेदाराच्या माणसांनी त्या जुन्या तारखेभोवती लाल गोल काढून ते चित्र घरोघरच्या फोनवर पोचवलं होतं. वर अशी खोच, की जुन्या व्हिडिओत डावी बाजू जास्त दिसते. पूल ओळखू येऊ नये म्हणून पोरांनी ती कापली.

आणि आम्ही ती कापली होती, हे खरं होतं.

२

टायरच्या दुकानावरची खोली हे आमचं कार्यालय. मी पोचले तेव्हा तिथे रबराच्या वासाइतकंच भांडण कोंदलं होतं. कातर सिस्टरला विचारत होता, हा व्हिडिओ तू स्वतः काढलास की कुठून तरी उतरवून आम्हाला दिलास? सिस्टर खिडकीबाहेर बघत होती. ती एवढंच म्हणाली, की तो काढून टाकूया आणि विषय संपवूया. निष्पाप माणूस असं बोलत नाही, असं मलाही त्या क्षणी वाटलं. नकाशा नेहमीसारखा शांत होता.

मी आत्याला फोन लावला.

आत्या विमा कंपनीत दावे तपासते. जळालेली दुकानं, बुडालेली गोदामं, मोडलेले हात. यातलं खरं किती आणि नाटक किती, हे ठरवणं तिचं काम. तिच्यासमोर लंगडत आलेले कितीतरी लोक जाताना जिना धडधडत उतरले आहेत. तिने ऐकून घेतलं, साहेबांना कळवून रजा टाकली आणि तासाभरात खोलीत हजर झाली. कोणाशी बोलण्याआधी चहा मागितला आणि माझ्या फोनवर आमचं पान वरपासून तळापर्यंत बघत बसली. तळाशी पोचल्यावर ती हसली. तिथे पुलाच्या उद्घाटनाचा फोटो होता, फीत कापणाऱ्या साहेबांचा, वीस वर्षांपूर्वीचा.

"हा झाला तेव्हा तुम्ही रांगत होतात की," ती मला म्हणाली. मी सांगितलं, नकाशाने टाकलाय तो. त्याला सगळं तारीखवार लागतं.

मग तिने बाजू का कापली ते विचारलं. कातर म्हणाला, सिस्टरनेच सांगितलं होतं. डाव्या कडेला पुढे चालणाऱ्या कुणा बाईचा पाय आला होता, तिची परवानगी नव्हती. न कापलेला व्हिडिओ आम्हा चौघांकडेच होता, बाहेर कोणाकडे नाही.

आत्याने कप खाली ठेवला. "नकलेत अस्सलापेक्षा जास्त कसं येईल? त्या पानावर तो पाय आहे. तुम्ही लोकांना दाखवलेल्यात नाही. म्हणजे त्या पानाने तुमचा प्रसिद्ध झालेला व्हिडिओ उचललेला नाही. एक तर या मुलीने तुम्हाला परका व्हिडिओ आणून दिला. नाहीतर तुमच्यापैकीच कोणीतरी न कापलेला व्हिडिओ तिकडे पोचवला. तिसरं काही मला तरी दिसत नाही."

खोलीत कोणी कोणाकडे बघेना.

३

टायर ठेवायच्या खोलीत आत्याने एकेकाला बोलावलं. पहिली मी. सख्खी भाची म्हणून सवलत मिळेल अशी माझी समजूत होती. तिने माझ्याकडची न कापलेली प्रत मागितली. ती मला सिस्टरने गप्पांच्या गटावर पाठवली होती. आत्याने ती मोठी करून डावी कड बघितली, मग त्या परक्या पानावरची तीच कड बघितली आणि हुंकार दिला.

"तू सुटलीस. बस इथेच, पण तोंड उघडू नकोस." का सुटले, ते सांगितलं नाही.

कातर आत आला तो रडवेला होऊन. त्याने सिस्टरच्या फोनवरून वायर लावून व्हिडिओ घेतला होता, कापला होता, आणि मूळ तसाच नकाशाला दिला होता, जपून ठेवायला. हे माझं आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम, मीच ते कशाला बुडवीन, असं तो म्हणाला. आत्यावर परिणाम झाला नाही. लोक स्वतःच्या दुकानालाही काडी लावतात, तिने सांगितलं, आणि पंचनाम्याला सगळ्यात मोठ्याने तेच रडतात. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, अशा पानावर तारीख मागची टाकता येते का? कातरने खांदे उडवले. त्याला कापायचं तेवढं कळतं, पान बघतो तो नकाशा.

नकाशा आला आणि टायरच्या चळतीवर ताठ बसला. त्याची उत्तरं सरळ आणि नेमकी होती. मूळ व्हिडिओ त्याच्या संगणकात सुरक्षित होता. मूळ गोष्ट कधी पुसायची नाही, हा त्याचा नियम. मग त्या मूळ व्हिडिओवरची तारीखच सुनावणीत दाखवूया, असं मला वाटलं. तोंड बंद ठेवायचं होतं म्हणून मी आत्याकडे पाहिलं. तिने तेच विचारलं.

"ती पुरावा म्हणून धरत नाहीत, आत्या. आपल्या संगणकातली तारीख कोणीही बदलू शकतं," नकाशा म्हणाला. "पानावर मात्र तसं नाही. तिथे टाकलं त्या दिवसाचीच तारीख पडते. मागची टाकणं शक्यच नाही."

"म्हणजे तो व्हिडिओ खरंच तीन वर्षं जुना?"

"दुर्दैवाने." पुढे तो म्हणाला, की आपण व्हिडिओ मागे घ्यावा आणि नकाशावर उभं राहावं. नकाशातली एकही नोंद खोटी नाही.

सिस्टर शेवटी आली. व्हिडिओ मी काढलाय, एवढं एकच वाक्य तिने वेगवेगळ्या प्रकारे सांगितलं. मग तो काढून का टाकायचा, या प्रश्नावर तिचे डोळे भरले.

"आईला विचारल्याशिवाय मी यापुढे काही बोलू शकत नाही," ती म्हणाली, आणि पिशवी उचलून निघून गेली.

मी म्हटलं, हिनेच केलं. आत्याने चपला पायात सरकवल्या.

"खोटं बोलणारा माणूस वेगळा आणि लपवणारा वेगळा. ही लपवतेय. चल, पूल दाखव."

४

पुलावर आत्या मध्यावर थांबली आणि टाचेने एक पत्रा दाबून पाहिला. दुसरं टोक वर आलं. तिने कठडा धरला आणि पलीकडे पोचेपर्यंत सोडला नाही.

सिस्टरचं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकाची अडगळ. दार उघडंच होतं. तिच्या आईला त्या दिवशी कामाची आठवड्याची सुट्टी होती, ती घरच्या शिलाई यंत्रापाशी बसली होती. उजवा पाय स्टुलावर, पोटरीपर्यंत प्लास्टर. शेजारी भिंतीला कुबडी टेकवलेली. प्लास्टरवर गल्लीतल्या पोरांनी निळ्या पेनने फुलं काढली होती आणि घोट्यापाशी एक मांजर, तिला मिशा एकाच बाजूला.

आत्याने नमस्कार केला, खाली वाकून ती मांजर बघितली आणि माझ्या हातातला फोन घेतला. त्या परक्या पानावरचा व्हिडिओ थांबवून डावी कड मोठी केली. पांढरा मोजा असावा असं सगळ्या गावाला वाटलेलं ते प्लास्टर होतं. घोट्यापाशी निळी मांजर. मिशा एकाच बाजूला.

"तीन वर्षांपूर्वी, परक्या शहरात," आत्या म्हणाली, "हीच मांजर फिरत होती वाटतं."

सिस्टर दारात उभी होती. तिने आईकडे पाहिलं.

मग तिच्या आईनेच सगळं सांगितलं. कामावरून परत येताना पत्रा कलंडला, पाय फटीत गेला आणि कडकन आवाज आला. पण ती ज्या शिलाई कारखान्यात काम करते तो ठेकेदाराच्या भावाचा. पुलावर पडले म्हणाली असती तर दुसऱ्या दिवशी तिच्या जागी दुसरी बसली असती. म्हणून घरात घसरले असं सांगितलं, आणि कुबडी घेऊन त्याच पुलावरून कामाला जात राहिली, कारण सुट्टी म्हणजे बिनपगारी. तिच्या मागून चालताना लेकीने व्हिडिओ काढला. पाय दिसला तेव्हा आईनेच बजावलं होतं, मी त्यात नको. आता व्हिडिओ खरा ठरवायचा तर तो पाय कोणाचा हे सांगावं लागणार, आणि सांगितलं तर पोटावर पाय येणार. सकाळपासून सिस्टरची बोबडी वळली होती ती यामुळे.

मला वाटलं, आत्या आता तिला सुनावणीला यायची गळ घालेल. तिने तसं काही केलं नाही.

"मी फक्त काय झालं ते विचारायला आले होते, ताई. यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. तुमचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही."

परतताना मी पुलावर जवळजवळ नाचलेच. व्हिडिओ आपला होता, सिस्टर खरी होती. मग लक्षात आलं, की उरलेला प्रश्न त्याहून वाईट आहे.

"न कापलेला व्हिडिओ कोणी दिला ते शोधायचं राहिलं," मी म्हटलं.

"ते शोधायचं राहिलेलं नाही," आत्या म्हणाली. "सगळ्यांना वर बोलाव."

५

टायरच्या दुकानावरच्या खोलीत चौघे बसलो. सिस्टरने आईच्या पायाची आणि मांजरीची हकीकत स्वतःच्या तोंडाने सांगितली. कातरने तिची माफी मागितली. मग आत्या बोलायला लागली, दाव्याचा अहवाल वाचावा तशी, आवाज न चढवता.

"ज्याने कोणी ते पान काढलं, त्याला आपला व्हिडिओ तुमच्यापेक्षा अस्सल दिसायला हवा होता. म्हणून त्याने न कापलेला टाकला. तीच चूक. त्या कडेला अलीकडची तारीख सांगणारी एकमेव गोष्ट होती, प्लास्टर. त्याला तो मोजा वाटला. तुम्हा सगळ्यांनाच वाटला. एका सिस्टरला सोडून. म्हणून ती सुटली; जो पाय लपवायला ती धडपडत होती, तो ती गावाला कशी दाखवील?

"माझी भाची नात्यामुळे सुटलेली नाही. तिची प्रत गप्पांच्या गटावरून आलेली, तिथे चित्र बारीक होऊन येतं. त्यात ती मांजर म्हणजे नुसता निळा डाग आहे. त्या पानावर मिशा मोजता येतात. म्हणजे तो व्हिडिओ वायर लावून घेतलेल्या प्रतीवरून गेला. अशा प्रती दोघांकडे."

कातर आणि नकाशा शेजारी शेजारी बसले होते. कातरच्या कपाळावर घाम होता.

"कातरला मी एक प्रश्न विचारला. पानावर मागची तारीख टाकता येते का? याने सांगितलं, माहीत नाही. खरंच माहीत नसावं. तू न विचारताच सांगितलंस, शक्यच नाही." आत्या नकाशाकडे वळली. "पुलाचं उद्घाटन झालं तेव्हा तू केवढा होतास?"

"दोन वर्षांचा," नकाशा म्हणाला.

"मग त्या दिवसाच्या तारखेने तुमच्या पानाच्या तळाशी तो फोटो कोणी टाकला? पान तर गेल्या वर्षीचं आहे."

मी तो फोटो शंभरदा पाहिला होता. आत्याने हसून बोट ठेवलं तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

"ज्याला माहीत नाही त्याचं 'माहीत नाही' मी मानते," आत्या म्हणाली. "ज्याला माहीत आहे तो 'शक्यच नाही' म्हणाला, तर त्याने ते का म्हणावं, एवढंच बघायचं उरतं."

नकाशाने चष्मा काढला. त्याने नाकारायचा प्रयत्नही केला नाही.

६

ठेकेदाराने त्याला फितवलं असेल असंच मला वाटलं होतं. पण ठेकेदाराशी तो कधी एक शब्दही बोलला नव्हता.

तो सांगत गेला ते असं. वर्षभर दारोदार फिरून त्याने लोकांना नकाशावर लिहायला शिकवलं. तीनशे माणसांनी लिहिलं, कोणी हललं नाही. मग एवढासा एक व्हिडिओ आला आणि सगळं गाव उठून बसलं. आम्ही पानाच्या माथ्यावरून नकाशा काढून व्हिडिओ लावला. कोणी त्याला विचारलंही नाही. त्याला वाटलं, व्हिडिओबद्दल थोडी शंका निर्माण झाली तर आम्ही तो मागे घेऊ, लोक नकाशाकडे वळतील, आणि त्याची तीनशे माणसं ऐकली जातील. ते पान दोन-चार जण बघतील अशी त्याची कल्पना होती. ठेकेदाराच्या माणसांनी सकाळी ते उचललं तेव्हा ते त्याच्या हाताबाहेर गेलं. लोक व्हिडिओसकट नकाशालाही खोटं म्हणायला लागले होते.

"मला ते थांबवता आलं नाही," तो म्हणाला.

"सांगता आलं असतं," कातर म्हणाला.

मी त्याला तिथल्या तिथे हाकलायच्या तयारीत होते. शब्दही जुळवून झाले होते. पण सिस्टर आधी बोलली.

"माझी आई त्याच पुलावरून उद्या कामाला जाणार आहे. तुला काढून पत्रे बसणार नाहीत. सुनावणीत तू उभा राहा आणि हे सगळं सांग. सगळ्यांसमोर."

नकाशाने मान हलवली. आत्याने पर्स उचलली. तिच्या मते तिचं काम संपलं होतं.

७

नगरपालिकेच्या सभागृहात बसायला जागा नव्हती. अर्धे लोक आमची फजिती बघायला आले होते. पुढे मोठा पडदा, बाजूला ठेकेदार, त्याचा भाऊ आणि नगरपालिकेच्या अभियंता बाई.

नकाशा उठला. त्याने काही गाळलं नाही. ते पान मी काढलं, तारीख मी टाकली, असं त्याने सांगितलं. सभागृहात गलका झाला. मग त्याने आपला संगणक पडद्याला जोडला, ते पान उघडलं आणि सगळ्यांच्या देखत तीच तारीख आणखी मागे नेली. व्हिडिओ आता ठेकेदाराच्या जन्माआधीचा झाला होता. मागच्या बाकांवर हशा पिकला.

ठेकेदार हसला नाही. हा मुलगा स्वतःला खोटारडा म्हणवतो, त्याने अभियंता बाईंना सांगितलं, मग व्हिडिओ याच पुलाचा कशावरून? तो कोणाचाही पाय असू शकतो.

तो प्रश्न आम्हाला अपेक्षित होता, पण पाय कोणाचा ते सांगणं आमच्या हातात नव्हतं. सिस्टरच्या आईला आम्ही पुन्हा विचारलं नव्हतं. सिस्टर माझ्या शेजारी मान खाली घालून बसली होती.

मागून कुबडीचा आवाज आला. लोकांनी वाट करून दिली. ती सावकाश पुढे आली, एक खुर्ची ओढली आणि तिच्यावर पाय ठेवला.

"कोणाचाही नाही, माझा आहे," ती म्हणाली. "पुलाच्या मधोमध मोडला. घरात घसरले असं मी मालकांना सांगितलं, ते खोटं होतं. मालक इथेच बसलेत. त्यांनाही ऐकू येऊ दे."

अभियंता बाई उठून आल्या, पडद्यावरची मांजर बघितली, खुर्चीवरची बघितली. मग त्यांनी विचारलं, आणखी कोणाला काही झालंय का?

 मग एक पोस्टमन उठला. त्याने फोन काढून नकाशावरची स्वतःची तक्रार वाचली: सायकलचं चाक अडकलं, कठड्यावर आपटलो. तो बसायच्या आत एक शिक्षिका उठली. मग एक म्हातारा, ज्याला फोन लांब धरून वाचावं लागत होतं. एकामागून एक माणसं उठत राहिली आणि आपापली ओळ वाचत राहिली. नकाशा पडद्याजवळ उभा होता. प्रत्येक जण वाचायला लागला की तो नकाशावर ती जागा मोठी करून दाखवायचा. एवढंच काम तो करत होता, आणि डोळे पुसत होता.

बाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं नाही. गरजच उरली नव्हती. पूल त्याच संध्याकाळपासून बंद, दुरुस्ती दुसऱ्या ठेकेदाराकडून, तोपर्यंत वस्तीसाठी नगरपालिकेची बस, असा हुकूम त्यांनी तिथेच सांगितला. गेल्या वर्षीच्या दुरुस्तीची चौकशी लागली ती वेगळी.

पानाची किल्ली आम्ही नकाशाकडून काढून घेतली. त्याचा नकाशा मात्र पुन्हा माथ्यावर लावला. बाकीचं पुढे बघू, असं सिस्टर म्हणाली, आणि त्यावर मीसुद्धा वाद घातला नाही.

८

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सिस्टरबरोबर शिलाई कारखान्यावर गेले. तिच्या आईच्या बाजूने कायदा काय म्हणतो ते मी पाठ केलं होतं. ठेकेदाराचा भाऊ दारातच उभा होता, हाताची घडी घालून.

बस थांबली. आधी कुबडी उतरली, मग सिस्टरची आई. आणि तिच्यामागून एकेक करत कारखान्यातल्या सगळ्या बायका. अलीकडे राहणाऱ्यासुद्धा उलट्या दिशेने पलीकडे जाऊन त्याच बसने आल्या होत्या. सिस्टरची आई आदल्या संध्याकाळी फोन घेऊन बसली होती. कधी नव्हे ते तिने गट काढला होता आणि त्यात एकच ओळ लिहिली होती: 'सकाळी सगळ्या एकदम जाऊ.'

मालकाने तिच्याकडे पाहिलं, तिच्या मागे पाहिलं. मोठी मागणी होती, माल त्याच आठवड्यात द्यायचा होता.  मला पाठ केलेलं एक कलमही वापरावं लागलं नाही.

तो बाजूला झाला. ती आपल्या यंत्रापाशी जाऊन बसली, पाय स्टुलावर ठेवला आणि सुईत दोरा ओवला.